सावतोबांचा मळा आणि आमचे परसदार



वैष्णवजनहो, काही दिवसांपूर्वी गंगाखेडास आमचे कीर्तन झाले. आरती झाली, प्रसाद वाटला, मंडळी पांगली. एक वृद्ध वारकरी मात्र खांबाला टेकून बसून राहिले. जवळ जाऊन आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बुवा, माझा तरणाताठा लेक गेला. तोंडानं नाम येतं, पण मन त्यात राहत नाही. माळ हातात घेतली की त्याचंच तोंड पुढं उभं राहतं. मी पापी आहे का हो?"

पूर्वी असा प्रश्न आला असता तर उत्तर आमच्या जिभेवर तयार असे. त्या दिवशी आम्ही त्यांना एवढेच विचारले, "माउली, आपल्या घरामागे चार हात मोकळी जागा आहे काय?" बुवांना नीट ऐकू आले नसावे, असे त्यांच्या मुद्रेवरून दिसले. त्यांना रात्रीची गाडी गाठायची होती, म्हणून बोलणे अर्धेच राहिले. ते उरलेले बोलणे आज या पानांवरून पुरे करीत आहोत.

प्रथम आमचा अपराध सांगतो. तीस वर्षे आम्ही कीर्तन करीत आहो. या काळात किती घरी दहाव्याला, तेराव्याला बसलो, त्याची गणती नाही. प्रत्येक ठिकाणी आम्ही सांगितले, देह नाशवंत आहे, आत्मा अमर आहे, आला तो जाणारच, शोक करणे हे अज्ञान होय. शब्द खरे होते. परंतु समोरची आई पदराआड हुंदका दाबीत आहे, याकडे आम्ही पाहिले नाही. आमचे निरूपण रंगले, यातच आम्हाला समाधान वाटे.

मग २०२१ चा वैशाख उजाडला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमची धर्मपत्नी गेली. एकतीस वर्षांचा संसार नऊ दिवसांत आटोपला. शेवटचे दर्शन दुरूनच झाले. दहाव्याला भजन नाही, टाळ नाही, चार माणसे तोंडाला फडके बांधून लांब लांब उभी. दुसऱ्या दिवसापासून समाचाराचे फोन येऊ लागले. जो तो म्हणे, "बुवा, आम्ही तुम्हाला काय सांगावं? तुम्हीच आम्हाला सांगता, देह नाशवंत आहे, शोक करू नये." आमचेच शब्द आमच्याकडे परत येत होते, आणि त्यांतील एकही शब्द आमच्या कामी पडेना. हरिपाठास बसावे तर सूर लागेना. रिकाम्या घरात भिंतीकडे पाहत दिवस जाई.

त्या दिवसांत आम्ही संतांची चरित्रे पुन्हा उघडली आणि जे आजवर वरवर वाचले होते ते नीट वाचले. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. त्या प्रसंगीचा निवृत्तिनाथांचा शोक नामदेवरायांनी आपल्या अभंगांतून वर्णिला आहे. निवृत्तिनाथ गुरू होते, ज्ञानी होते, तरी धाकट्या भावाच्या वियोगाने त्यांचा बांध फुटला. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. त्यांनी ते दुःख लपविले नाही. आणि आपल्या गंगाखेडच्या जनाबाई! गोदाकाठची ही लेक. परंपरा सांगते की लहानपणीच आईचे छत्र गेले आणि वडिलांनी तिला पंढरीस दामाशेटींच्या घरी ठेविले. आईवेगळ्या त्या पोरीला देव कोठे भेटला? जात्यापाशी, शेण्या वेचताना, धुणे धुताना. हात कामात होते, तेथे देव येऊन बसला.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, रडणे म्हणजे नास्तिकपणा नव्हे. ज्यांच्या पायांवर आपण डोके ठेवितो, त्यांच्याही डोळ्यांना पाणी आले आहे. दुसरी गोष्ट ही की, रडणाऱ्याचे हात रिकामे ठेवू नयेत. ही दुसरी गोष्ट आम्हाला ग्रंथाने शिकविली नाही. ती शेजारच्या आजींनी शिकविली.

आमच्या घरामागे हिचे परसदार होते. लांबी-रुंदी फार नाही, बाजेवर बाज मांडावी अशा सहा-सात बाजांची जागा. तेथे ती वर्षभर माळवे काढी. भेंडी, दोडका, चवळी, मेथी, शेपू, चुका, कडेला चार मिरच्यांची झाडे. आम्ही गावोगाव कीर्तने करीत हिंडत असू. ताटात भाजी आली की खात असू. ती कोठून आली, हे आम्ही कधी विचारले नाही.

ज्येष्ठ लागला तेव्हा शेजारच्या आजी दारात आल्या. त्यांचा जन्म मळ्यात गेला आहे. त्या म्हणाल्या, "बुवा, मिरग निघाला. तिचं बी कुठं हाय?"

आम्हास ठाऊक नव्हते. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात त्यांनीच हात घातला आणि एक गाडगे काढले. आत राखेत घोळलेल्या बियांच्या सात पुरचुंड्या होत्या. कशावर नाव नाही, खूण नाही. तिला हाताला कळे. आम्हास त्यांतील भेंडीचे बी तेवढे ओळखता आले. एकतीस वर्षे ज्या हाताचे खाल्ले, त्या हाताची साधी ओळखही आम्ही ठेवली नाही, हे त्या दिवशी कळले आणि आम्ही तेथेच मटकन खाली बसलो.

आजींनी आम्हाला रडू दिले. मग म्हणाल्या, "बी असंच राहिलं तर म्हातारं होतंय, मग उगवत न्हाई. तिनं ठेवलंय ते गाडग्यात ठेवायला न्हवं. उठा."

आम्ही उठलो. खुरपे हातात धरण्याची रीतसुद्धा आमची चुकत होती. सपाट जागेत वाफा करून मेथी टाकली. चार दिवसांत कोंब दिसले, आणि पाचव्या दिवशी असा पाऊस झाला की वाफ्यात घोटाभर पाणी साचले. आपली परभणीची जमीन काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन पाणी धरून बसते. सारी मेथी कुजली. आम्ही कपाळाला हात लावला. आजी म्हणाल्या, "काळ्या रानात पाणी साचलं की बी कुजतंय. वरंबे करा, पाण्याला वाट द्या."

वैष्णवजनहो, तीस वर्षांच्या निरूपणात आम्हास एवढा चोख दृष्टान्त सापडला नव्हता. दुःखाचे असेच आहे. पाऊस थांबविणे आपल्या हाती नाही. तो पडू नये असे म्हणणेही बरोबर नाही, कारण त्यावाचून काही उगवत नाही. परंतु ते पाणी एके ठिकाणी साचू दिले तर मुळे कुजतात. त्याला वाट काढून द्यावी लागते. आम्ही शोकग्रस्तांना सांगत होतो, पाऊस पडूच देऊ नका. खरे सांगणे हे होते की, सरी काढा.

मग सऱ्या-वरंबे केले, जुने शेणखत मिसळले. भेंडीचे बी रात्रभर भिजत घालून सकाळी हात-हातभर अंतरावर दोन-दोन दाणे टोकले. इतर पुरचुंड्याही टोकल्या, कशात काय आहे हे न कळताच. रोज सकाळी उठून पाहावे, आज काय वर आले? दोन पाने वर आली की आजी ओळखून सांगत, "ही चवळी. हा दोडका. हे घोसाळं." एकेक रोप आमच्या कुटुंबाची एकेक गोष्ट सांगत होते. महिन्याभरात आम्हाला कळले की, पहाटे जाग येते ती भिंत पाहण्यासाठी नव्हे, वाफा पाहण्यासाठी येते. खुरपताना ओठांवर नाम आपोआप येऊ लागले. माळ धरून बसलो की मन पळे. गवत उपटताना ते पळत नसे, कारण हात त्याला धरून ठेवीत.

त्या वर्षी आषाढी २० जुलैला होती. सलग दुसऱ्या वर्षी पायी वारी नव्हती, मानाच्या पालख्यांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. ज्याची वारी चुकली, त्याचे काळीज वारकऱ्यालाच कळते. आमची वारी चुकली, आणि वारीला निघताना भाकरी बांधून देणारीही नव्हती. एकादशीच्या दिवशी आम्ही परसदारी बसलो होतो. भेंडीला पहिले फूल आले होते, पिवळे, मध्ये गर्द तांबडे. यात चमत्कार काही नाही. पेरल्यापासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांत भेंडीला फूल यावे हा तिचा धर्मच आहे. पण त्या फुलापाशी बसून आम्हाला अरणच्या सावतोबांची आठवण झाली.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात अरण हे गाव आहे. सावता महाराज तेथले माळी. संप्रदायाची परंपरा सांगते की, पंढरी इतकी जवळ असून ते आपला मळा सोडून वारीला गेले नाहीत. मळ्याचे पाणी, मळ्याची खुरपणी, मळ्यातले माळवे हीच त्यांची पूजा. देवच त्यांना शोधीत मळ्यात आला आणि त्यांच्या हृदयात लपून बसला, अशी कथा आपण सारे ऐकतो. शके १२१७ मध्ये, म्हणजे इ. स. १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीस त्यांनी देह ठेवला. आजही पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. सारे जग देवाकडे जाते, आणि देव एका माळ्याच्या मळ्याकडे जातो!

यावरून कोणी वारी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. असा अर्थ काढणारा सावतोबांना समजला नाही. परंतु ज्याचे पाय दुःखाने खचले, ज्याला उंबरठा ओलांडवत नाही, त्याने हे ध्यानी धरावे की, देवाला यायची वाट माहीत आहे. आपण फक्त बांधावर हजर असावे.

पुढे दोडक्याचा वेल मांडवावर चढला. पिवळी फुले लागली. आमचा आनंद मनात मावेना. आणि एक दिवस पाहतो तो फुले गळून खाली पडलेली! एकही फळ नाही. पुन्हा दुसरी फुले आली, तीही गळाली. आमच्या हाताला यशच नाही, असे मनात येऊ लागले. आजी हसल्या. म्हणाल्या, "बुवा, ही वांझ फुलं. आधी हीच येतात अन् गळतात. फळाचं फूल मागून येतं. त्याच्या बुडाशी इवलंसं दोडकं दिसंल. धीर धरा." आठवड्याने तसेच झाले. वेलवर्गाची रीतच ती. आधी नर फुले येतात, मागून मादी फुले.

ज्यांचे दुःख नवे आहे, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी. नामाला बसलो, गोडी लागली नाही. कीर्तनाला गेलो, मन रमले नाही. म्हणजे सारे व्यर्थ गेले काय? पहिली फुले गळतात. वेल तोडू नये. पाणी घालीत राहावे.

आषाढ वद्य चतुर्दशीच्या सुमारास, म्हणजे सावतोबांच्या पुण्यतिथीला, भेंडीचा पहिला तोडा निघाला. टोपलीभर भेंडी आणि आम्ही एकटे! आणि भेंडीचा नियम असा की, एक दिवसाआड तोडावी लागते. दोन-तीन दिवस राहिली की ती निबर होते, आणि जून शेंगा झाडावरच राहिल्या तर झाड नवे फूल धरीत नाही. म्हणजे झाडाला बहर हवा असेल तर तोडलेच पाहिजे, आणि तोडलेले घरात साठवता येत नाही. देण्यावाचून गती नाही.

आमच्या गावात एक तरुण विधवा आहे. नापिकी आणि कर्ज यांपायी तिच्या घरचा कर्ता गेला. आपल्या मराठवाड्यात अशी घरे किती आहेत, हे आपण सारे जाणतो. त्या घरी दहाव्याला आम्ही आत्म्याच्या अमरत्वावर बोललो होतो. ती टोपली घेऊन आम्ही तिच्या दारी गेलो. या खेपेस काहीच बोललो नाही. तिच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओसरीवर घटकाभर बसलो. तिनेच विचारले, "बुवा, जेवता का नीट?" सात महिन्यांत तिला कोणी हे विचारले नसेल, आणि तीच आम्हाला विचारीत होती.

दुसऱ्या दिवशी टोपली परत आली. आपल्याकडे भरले भांडे रिकामे परत करीत नाहीत. टोपलीत वालाचे दोन मुठी बी होते. निरोप होता, "आमच्या घरी कोणी लावलं न्हाई यंदा. तुम्ही लावा." आम्ही अर्धे लावले आणि अर्धे घेऊन पुन्हा तिच्या दारी गेलो. म्हणालो, "ताई, तुझ्या परसात लावू." आता तिच्या घरामागेही माळवे आहे. पोरांच्या ताटात भाजी असते, आणि चार दिवसांआड टोपल्यांची ये-जा चालते. हल्ली महिला बचत गटांतूनही पोषणाच्या परसबागा लावतात. लेकरांच्या पोटासाठी ते काम फार चांगले आहे. आम्ही एवढेच जोडू की, अशा वाफ्यात आईच्या मनालाही काही मिळते.

आता कोणी म्हणेल, "बुवा, बायकोतला मोह सुटला आणि भेंडीत अडकला, यात परमार्थ कोठला?" प्रश्न योग्य आहे. आम्हीही स्वतःला तो विचारला आहे. मोहाचे लक्षण हे की, तो धरून ठेवतो. परसदारात धरून ठेवले ते सडते. तोडावे लागते, द्यावे लागते, झाड वाळले की उपटून खतात टाकावे लागते, आणि पुढच्या मृगासाठी मूठभर बी राखावे लागते. ज्या कामात रोज देणे आहे आणि रोज सोडणे आहे, त्या कामाला मोह कसे म्हणावे? त्याचे नाव सेवा. आम्ही जे तोंडाने शिकवीत होतो, ते बोटांना शिकण्यास हे परसदार लागले.

त्या भेंडीविषयी एक गोष्ट पुढे कळली, ती सांगण्यासारखी आहे. हिने राखलेले बी 'परभणी क्रांती' या वाणाचे होते. परभणीला १९७२ साली कृषि विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड खुरटण्याचा रोग तेव्हा फार होता. तेथील शास्त्रज्ञांनी बागायती भेंडीचा संकर तिच्या एका रानटी भावकीतल्या जातीशी केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, आणि १९८५ साली हा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. तो दूरवर पसरला. वाण स्थिर झालेला असल्यामुळे घरचे बी धरता येते. म्हणूनच हिची पुरचुंडी उगवली. पाहा बरे, नाजूक भेंडीला रोगात टिकण्याचे बळ कोणी दिले? जिने रानात ऊन-पाऊस सोसला होता तिने. ज्याने सोसले आहे, तोच दुसऱ्याला सावरू शकतो. तेव्हा ज्यांच्यावर दुःख येऊन गेले, त्यांनी आपण मोडलो असे समजू नये. गावात उद्या ज्याच्यावर प्रसंग येईल, त्याच्या दारी तुम्हीच जायचे आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. परसदाराने आमचे कुटुंब परत दिले नाही. भेंडीच्या फुलात ती आहे, असे गोड बोलून आम्ही कोणाला फसविणार नाही. ती गेली. सणावाराला अजून घास घशात अडकतो. पण ते दुःख आता साचून राहत नाही, त्याला सरी मिळाली आहे. ते वाहत वाहत कोणाच्या तरी मुळाशी जाते.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडला येते, हे आपण जाणताच. दरवर्षी त्या वारकऱ्यांच्या पंगतीला ही आपल्या परसातील भाजी पाठवी. त्या वर्षी भांडी धुतलेल्या पाण्यावर आम्ही उन्हाळी भेंडी जगविली होती. पालखी आली त्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन आम्ही गेलो. वाढणाऱ्याने विचारले, "कोणाची भाजी म्हणून सांगू?" आम्ही तिचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी टाळ गळ्यात घालून पंढरीची वाट धरली. परसदार आजींच्या आणि त्या ताईच्या हवाली केले.

तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या त्या माउलीस आणि त्यांच्यासारख्या सर्वांस आमची विनंती अशी. आपण पापी नाही. मन नामात राहत नसेल तर त्याला मारू नका. घरामागे चार हात जागा असेल तर ती खणा, नसेल तर जुन्या डब्यात माती भरा. पहिल्याने मेथी टाका, ती चार दिवसांत वर येते, आणि खचलेल्या माणसाला लवकर उगवणारे काही पाहणे बरे असते. पाणी साचू देऊ नका. पहिली फुले गळाली तर भिऊ नका. पहिला तोडा घरी ठेवू नका. ज्याच्या घरी आपल्याइतकेच दुःख आहे त्याच्या ओसरीवर तो ठेवा, आणि तेथे फार बोलू नका. नाम आपोआप येईल. आणि आम्हा कीर्तनकारांना एकच सांगणे. समाचाराला जाताना निरूपण घरी ठेवावे, टोपली बरोबर न्यावी.

मृग जवळ आला आहे. कोनाड्यात पाहा, कोणाच्या हातचे बी राहून गेले असेल.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! सावता महाराज की जय!